पोत्यातले देव

आबांनी हात जोडले. चुकून जोडले म्हणावं तर तसंही नाही. आधी त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या खिशात ठेवला, मग पायांतलं काढायला वाकले, पायांत चपला नसून लेसचे बूट आहेत हे ध्यानात आल्यावर गुडघ्यावर हात टेकून पुन्हा सरळ झाले, आणि काचेच्या पेटीसमोर दोन्ही तळवे जुळवून, डोळे मिटून उभे राहिले. सगळं रीतसर. रत्नदीप थोडा मागे म्युझियमचं माहितीपत्रक हातात धरून उभा होता, आणि त्याला पहिल्यांदा वाटलं ते एवढंच, की कुणी पाहिलं तर नाही ना. मग वाटलं, हा विचार पहिला यायला नको होता. पण आला तो आलाच. पहिल्या विचाराला मागे ढकलून दुसऱ्याला पुढे बसवता येत नाही. पन्नास वर्षांत या माणसाने बुद्धाच्या मूर्तीपुढे आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे सोडून कुठेही हात जोडले नव्हते. शाळेत सरस्वतीपूजनाच्या दिवशी हेडमास्तरांना तोंडावर नाही म्हणून वर्गात भूमितीचा तास घेत बसलेला माणूस. आणि आता, सिंगापुरात, पोराच्या देखत, कुठल्या कोण बेटावरच्या लाकडापुढे.

पेटीत होतं ते म्हटलं तर लाकूडच. हातभर लांब, जुन्या मुसळासारखं काळं पडलेलं. वरच्या टोकाला डोळे वटारलेलं एक मोठं तोंड, त्याच्या खाली उतरंड रचावी तशी एकाखाली एक बारकी बारकी तोंडं, आणि कमरेपासून खाली काथ्याच्या दोरीचे घट्ट वेढे. पाटीवर लिहिलं होतं की ही पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावरची मूर्ती असून, तिथल्या लोकांनी धर्मांतर केलं तेव्हा ती मिशनऱ्यांच्या स्वाधीन केली. परदेशातल्या कुठल्याशा संग्रहातून काही महिन्यांसाठी उसनी आणली होती. त्या आठवड्यात पलीकडच्या सुमात्राची जंगलं पेटली होती आणि धूर सगळ्या सिंगापूरवर उतरला होता. हेझ, हेझ म्हणत लोक खिडक्या लावून घरात बसले होते. एरवी शनिवारी ही मंडळी ईस्ट कोस्टला समुद्रावर गेली असती. धुरामुळे म्युझियम. म्हणजे एका परीने सुमात्रातल्या आगीनेच आबांना या पेटीपुढे आणून उभं केलं. रत्नदीपला अशी कारणं मागे मागे शोधत जायची सवय होती. पाया लेबारच्या ऑफिसात तो तेच करायचा: बिघडून परत आलेली चिप भिंगाखाली धरायची आणि पहिला तडा कुठे गेला ते शोधायचं. तडा दिसला की कुणाची चूक, ते आपोआप ठरतं.

दाखवणाऱ्या बाई अनघाताई. मूळच्या पुण्याच्या, राहायला ईस्ट कोस्टच्या काँडोत. नवरा बँकेच्या आयटीत मोठ्या हुद्द्यावर, मुलं मोठी झालेली, त्यामुळे उरलेला वेळ त्या म्युझियमला हौसेनं देत आणि मराठी मंडळींना मराठीतून वस्तू दाखवत. बाई मनानं वाईट नव्हत्या. रत्नदीपचा अनुभव असा, की वाईट माणसांपुढे आपण आधीच तयारीत असतो. मनानं वाईट नसलेल्यांपासूनच जास्त जपून राहावं लागतं. “गंमत बघा,” त्या सांगत होत्या, “हे देव गोऱ्या पाद्र्यांनी स्वतः गोळा केलेच नाहीत. शेजारच्या बेटावरचे, नुकतेच ख्रिश्चन झालेले तरुण आले, घरोघर फिरले, आणि सगळ्यांचे देव एका जागी आणून टाकले. बरेच जाळले. थोडे पाद्र्यांनी मागून घेतले, मायदेशी दाखवायला. जहाजाच्या डोलकाठीला टांगून नेले म्हणतात. आणि ही खालची छोटी तोंडं आहेत ना, ती देवाची नव्हेतच म्हणे. त्या घराण्यातल्या गेलेल्या माणसांची असावीत.” एवढं बोलून त्या वळल्या आणि त्यांना आबा दिसले. त्यांचा चेहरा मऊ झाला. “अगं बाई, आजोबांनी नमस्कार केला. किती गोड.” मग रत्नदीपकडे वळून, जवळच्या माणसाला सांगावं तशा हळू आवाजात: “काही गोष्टी आत असतातच, नाही? किती वर्षं गेली, काही झालं, तरी.”

रत्नदीप हसला. हसल्यावर त्याला आपलं हसू तोंडात चिकटून राहिल्यासारखं वाटलं. अशी वाक्यं त्याच्याकडे लहानपणापासून जमा होती, औरंगाबादच्या वर्गातली, वसतिगृहातली, पुण्यातल्या पहिल्या नोकरीतली, तारीखवार लावलेली. आणि प्रत्येकाच्या समोर त्याने मनातल्या मनात एकच रक्कम मांडून खातं बरोबर केलं होतं. ती रक्कम म्हणजे आबांची गोष्ट. आता बाईंनी काही चुकीचं म्हटलं नव्हतं. जे डोळ्यांनी दिसलं ते म्हटलं. ते दाखवलं कुणी? त्याने आबांचा दंड धरला, जरा जोरानेच. “चला आबा. पुढे चिनी मातीची भांडी आहेत.” आबांनी डोळे उघडले, चष्मा लावला, काचेला नाक लागेल इतके जवळ जाऊन ती बारकी तोंडं एकेक करून पाहिली. “यांचं बरं आहे,” ते म्हणाले. “ठेवलंय.”

पुंगोलला घरी परतताना ते एमआरटीच्या गाडीत बसले. समोरच्या काचेत म्हातारा आणि चाळिशीचा मुलगा असे दोघे दिसत होते, दोघांच्या कपाळाची ठेवण एकच. रत्नदीप मनातल्या मनात अनघाताईंशी भांडत होता, कारण असली भांडणं तो तिथेच जिंकायचा. त्या बेटावरच्यांचं आणि आमचं एक नाही, बाई. त्यांनी देव दिले, आम्ही टाकले. देणं वेगळं, टाकणं वेगळं. आमच्याकडे कुणी पाद्री मागायला आला नव्हता, कुठल्या साहेबाला दाखवायचं नव्हतं, डोलकाठीला टांगायचं नव्हतं. ज्या देवांनी आम्हाला दारात उभं केलं नाही, त्यांना आम्ही घरात ठेवलं नाही, इतका सरळ व्यवहार. हे सगळं बरोबर होतं, आणि तरी शेवटी मध्येच ते वाक्य येऊन बसायचं. यांचं बरं आहे, ठेवलंय. म्हणजे काय? ठेवायला हवे होते? पाद्र्याने लोभाने उचलून नेलं म्हणून ते लाकूड आज काचेत, थंड हवेत, वरून दिवा सोडलेलं. आणि आमचे, कुणाचाच लोभ नसल्यामुळे, गोदावरीच्या गाळात. आबांना हे म्हणायचं होतं? पुंगोलला उतरून ते एलआरटीच्या छोट्या डब्यात बसले. बाहेर नव्या इमारती धुरात अर्ध्या अर्ध्या दिसत होत्या, खालचे मजले होते, वरचे नव्हते. आबा म्हणाले, “कुणाचं जळतंय?” रत्नदीप म्हणाला, “इंडोनेशियात. इथलं काही नाही.” थोड्या वेळाने आबांनी पुन्हा तेच विचारलं.

आबा सभांमधून सांगायचे ती गोष्ट रत्नदीपला तोंडपाठ होती. छप्पन साल. दादाराव, म्हणजे आबा, एकोणीस वर्षांचा, मॅट्रिकला एकदा नापास झालेला. वस्तीतल्या माणसांबरोबर, धुतलेलं पांढरं धोतर बगलेत मारून नागपूरला गेला आणि बौद्ध होऊन परत आला. आल्या आल्या ज्वारीचं रिकामं पोतं झटकून घेतलं आणि घरोघर निघाला. पहिलं घर आपलंच. सावत्र आईने देवाची टोपली आणून पोत्यात उलटी केली, काही बोलली नाही. मग बाकीची घरं. खंडोबा-म्हाळसेचे टाक, म्हणजे चांदीच्या नाहीतर पितळेच्या पातळ पत्र्यावर उठवलेले नखाएवढे देव. मरीआईचा शेंदूर फासलेला गोटा. कवड्यांची माळ, परडी, कुणाची हात मोडलेली भवानी. एका म्हातारीने दार लावून घेतलं, तिच्या सुनेने मागच्या दाराने आणून दिले. इथे लोक हसायचे. मग नदी. आबा इथे नेहमी थांबायचे, शिक्षकाला साजेसं, फळ्याकडे पाठ करून वर्गावरून नजर फिरवावी तसं, आणि म्हणायचे: “तेहतीस कोटी म्हणतात. आमच्या सगळ्या वस्तीचे मिळून एका पोराच्या खांद्याला जड झाले नाहीत. पोतं सोडलं. बुडबुडे आले. आणि बुडबुड्यांशिवाय काही झालं नाही.” या ओळीला टाळ्या ठरलेल्या. रत्नदीपला वडिलांकडून शेत नाही, घर नाही, ही ओळ आली होती. वसतिगृहात कुणी टिळा लावून शेजारी बसला, कुणी आडनाव विचारून गप्प झाला, की तो मनात म्हणायचा, एका पोराच्या खांद्याला. आणि पाठ सरळ व्हायची. माणूस कशाच्या आधारावर उभा असतो हे त्याला स्वतःला माहीत नसतं असं म्हणतात. रत्नदीपला चांगलं माहीत होतं. एका बुडालेल्या पोत्याच्या.

म्हणूनच येता शनिवार महत्त्वाचा होता. चौदा ऑक्टोबर, धम्मदीक्षेची पन्नास वर्षं. सिंगापुरातल्या बौद्ध मराठी मंडळींनी ईस्ट कोस्टजवळ एक हॉल घेतला होता. इतर मराठी लोकांनाही बोलावणं होतं, अनघाताईंनाही. कार्यक्रम ठरवणारा धम्मानंद, संशोधक माणूस, पेशींवर काम करणारा, पण माइक हातात आला की पेशी विसरायचा. कार्यक्रमाचा कणा होते आबा. ‘प्रत्यक्ष साक्षीदार’, असं धम्मानंदने निमंत्रणात ठळक अक्षरांत घातलं होतं. आणि आता साक्षीदारच फुटला होता. निदान रत्नदीपला तसं दिसत होतं. आबांचं विसरणं वर्षभर चाललं होतं. लिफ्टमध्ये मजला विसरायचे, सुनेला, सरिताला, कधी स्वतःच्या बहिणीच्या नावाने हाक मारायचे. त्याचं काही नाही, वय आहे. पण विसरता विसरता माणूस मागे कुठवर जातो? छप्पनच्याही मागे गेला, तर तिथे कोण उभं असतं? हात जोडलेला एक पोर? त्या स्टेजवर, सगळ्यांसमोर, अनघाताईंसमोर, आबांनी पुन्हा चष्मा काढून खिशात ठेवला तर?

रविवारी रत्नदीपची मुलगी दीक्षा जमिनीवर तक्ता पसरून बसली होती. शाळेतून फॅमिली ट्री करून आणायचा होता, चौकोनाचौकोनांत फोटो चिकटवायचे होते. रत्नदीपच्या आईचा फोटो होता, आबांच्या वडिलांचा रेशनकार्डाजोगा धुरकट एक होता. त्यांच्या शेजारचा चौकोन रिकामा. “आजोबा, युवर मम्मी हाऊ कम नो फोटो वन?” दीक्षाने विचारलं. आबा खाली वाकले, त्या कोऱ्या चौकोनाकडे बराच वेळ पाहिलं, मग आपल्या अंगठ्याचं नख त्यावर टेकवलं. “एवढी होती,” म्हणाले. दीक्षा खिदळली. “सो स्मॉल मेह? कॅनॉट लाह, आजोबा.” आबाही हसले, पण नख उचलेनात. रत्नदीपने पेपरातून डोकं वर करून पाहिलं आणि मनातल्या यादीत आणखी एक घसरण मांडली. आबांची आई ते चार वर्षांचे असताना गेली, वडिलांनी लगेच दुसरं केलं, पुढे धाकट्या आईनेच वाढवलं. तिची आठवण असणार कुठून? चार वर्षांच्या पोराला आई केवढी दिसते? छताएवढी दिसत असेल. नखाएवढी नाही.

सरिता टेक्क्याच्या बाजारातून आणलेली मेथी निवडत होती. ती पुण्याच्या एका कंपनीत हिशेबनीस होती, इथे आल्यापासून घरात. पण नजर हिशेबनिसाचीच राहिली होती, न जुळणारं असेल तिथे बरोबर थांबायची. रत्नदीपने कालची हकीकत तिला सांगितली, अनघाताईंच्या वाक्यासकट, आणि मग म्हणाला, “पन्नास वर्षं. पन्नास वर्षं जे केलं ते एका मिनिटात.”

“काय एका मिनिटात? हातच जोडले ना,” सरिता म्हणाली. “तुम्ही त्या तुमच्या मॅनेजरपुढे फोनवरसुद्धा वाकता, तेव्हा मी काही म्हणते?”

“देवापुढे जोडले, सरिता.”

“तुम्हाला कुणी सांगितलं देवापुढे म्हणून? विचारलंत त्यांना?” तिने एक पिवळं पान बाजूला टाकलं. “आणि टोपल्यांत काय नुसते देवच असायचे? आमच्या थोरल्या मावशीच्या गळ्यात टाक होता, तो देवाचा नव्हता. सवतीचा होता. काकांची पहिली मेली, तिच्या नावाचा टाक केला आणि हिच्या गळ्यात बांधला. काही जणी गळ्यात घालायच्या, काही जणी देवांत ठेवायच्या. मावशी जेवायला बसली की पहिला घास त्या टाकाला दाखवायची. सवत मेली तरी ताटावर हजर.” ती हसली. “मावशी म्हणायची, जिवंत असती तर भांडता तरी आलं असतं.”

“विषय काय चाललाय आणि तू कुठे,” रत्नदीप म्हणाला.

“मी मेथी निवडतेय,” सरिता म्हणाली. “विषय तुमचा.”

विचारायचं त्याच्या मनात नव्हतं असं नाही. पण विचारलं तर उत्तर येतं, आणि आलेलं उत्तर परत पाठवता येत नाही. भिंगाखाली चिप धरताना तो कधी कचरला नव्हता. तिथे तडा दुसऱ्याच्या मालात असायचा. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्याने धम्मानंदला फोन केला. आबांची तब्येत बरी नाही, धुराचा त्रास होतोय, डॉक्टर बोलू नका म्हणालेत. यातलं धूर तेवढं खरं होतं. “अरेरे,” धम्मानंद म्हणाला, आणि जेमतेम श्वास घेऊन: “मग तू सांग ना. तुला पाठ आहे. पण ऐक रत्नदीप, ‘माझे वडील, माझे वडील’ करू नकोस. वडील म्हटलं की लोक आदराने झोपतात. ‘मी’ म्हणून सांग. मी पोतं घेतलं, मी निघालो. अंगावर काटा येतो.” रत्नदीप म्हणाला, बघतो. फोन ठेवल्यावर त्याला हलकं वाटलं. गोष्ट आता सुरक्षित हातांत होती, म्हणजे त्याच्या. जिला वडिलांकडूनच धोका वाटत होता ती गोष्ट त्याने वडिलांकडून काढून घेतली; एवढ्या लांब येऊन त्यानेही घरातून एक टोपलीच आणून पोत्यात उलटी केली होती. पण हे तेव्हा त्याच्या मनात आलं नाही. तेव्हा त्याने फक्त भाताचं पार्सल उघडलं.

आबांना सांगायचं काम उरलं. आबा खोलीत पांढऱ्या सदऱ्याला इस्त्री करत होते, शनिवारचा सदरा, सोमवारीच. एकच बाही पुन्हा पुन्हा. रत्नदीपने धूर, डॉक्टर, घसा असं सगळं ओळीने मांडलं. आबांनी वाद घातला नाही; हेच जास्त लागलं, कारण एके काळी या माणसाने तहसीलदाराशी वाद घातला होता. “मग गोष्ट कोण सांगणार?” त्यांनी विचारलं.

“मी.”

“तुला येते?”

“तोंडपाठ आहे, आबा.”

“सगळी?”

“सगळी.”

आबांनी इस्त्री उभी करून ठेवली आणि मुलाकडे पाहिलं, तोंडी परीक्षेत पोरगं ठोकून देतंय हे मास्तरांना कळावं पण वेळ संपलेली असावी, तसं. “बरं,” ते म्हणाले, आणि दुसऱ्या बाहीला लागले.

शनिवारी धूर थोडा विरळ होता, पण वास होता. हॉलमध्ये मेणबत्त्या आणि उदबत्त्या लावल्या तेव्हा कुठला वास कुठला ते कळेनासं झालं. पांढऱ्या कपड्यांत सगळे. पुढे बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, निळं कापड. धम्मानंदने त्रिसरण म्हणून घेतलं, मग पंचशील. सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचा नियम मी ग्रहण करतो, त्या पाली शब्दांत, जे रत्नदीपला कळायला लागायच्या आधीपासून पाठ होते. पहिल्या रांगेत आबा, इस्त्रीच्या सदऱ्यात, शेजारी सरिता. तिसऱ्या रांगेत अनघाताई, मोत्याच्या कुड्या घालून, अगदी मनापासून आलेल्या. दीक्षाकडे प्रश्नोत्तरांच्या वेळी लोकांमध्ये माइक फिरवायचं काम होतं, त्यामुळे ती सगळ्यात गंभीर.

रत्नदीपने गोष्ट सांगितली. ‘मी’ म्हणून. मी नागपूरहून आलो. मी पोतं झटकलं. पहिल्या एक-दोन वाक्यांना जीभ अडखळली, दुसऱ्याचा कोट घातल्यावर खांदे कुठे येतात ते चाचपावं तशी. मग कोट बसला. तो स्वतःच ऐकत राहिला. आवाज आबांचा निघत होता, थांबे आबांचे होते. म्हातारी आणि सून आली, लोक हसले. नदी आली. तो थांबला, नजर फिरवली, आणि पहिल्या रांगेत आबा पुढे झुकून, तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत होते. नवं काही ऐकावं तसे. “आमच्या सगळ्या वस्तीचे मिळून एका पोराच्या खांद्याला जड झाले नाहीत,” रत्नदीप म्हणाला. टाळ्या. आबांनीही वाजवल्या. बुडबुडे. पुन्हा टाळ्या, जास्त लांब. कुणीतरी मागून जय भीम म्हटलं आणि सगळ्या हॉलने ते उचललं. झालं. ओळ पोचली होती, एकही थेंब न सांडता. रत्नदीपने अनघाताईंकडे पाहिलं, मुद्दाम, आणि पाठ सरळ केली.

“वेळ आहे थोडा,” धम्मानंद म्हणाला. “कुणाला काही विचारायचं असेल तर.”

आबांनी हात वर केला. वर्गात पोरं करतात तसा, कोपर दुसऱ्या हातावर टेकवून. सरिताने त्यांच्या मांडीवर हात ठेवला, पण दीक्षा माइक घेऊन पोचलीसुद्धा होती. आबा उठून उभे राहिले.

“एक विचारू का, सर?” ते म्हणाले.

हॉल हसला. गुरुजी पोराची फिरकी घेताहेत असं सगळ्यांना वाटलं. रत्नदीपला तसं वाटलं नाही, कारण आबांच्या डोळ्यांत फिरकी नव्हती, ओळखही नव्हती. एका अनोळखी, कर्तबगार माणसाबद्दलचा आदर तेवढा होता. “बोला,” तो म्हणाला.

“तुम्ही पहिलं घर आपलंच घेतलं म्हणालात. धाकट्या आईनं टोपली उलटी केली.” आबा सावकाश बोलत होते, प्रत्येक शब्द आधी उचलून बघत. “त्या टोपलीत तुमच्या आईचा टाक होता. थोरल्या आईचा. ती गेली तेव्हा केलेला. धाकटी त्याला देवांतच ठेवायची. एवढासा.” त्यांनी अंगठा वर करून नख दाखवलं. “तिचं दुसरं काही नव्हतं घरात. तोंड बघायला तेवढंच. नदीवर जाईपर्यंत कुणाच्या ध्यानातही येत नाही ते. म्हणून विचारतो. तो तुम्ही आधी काढून घेतलात का?”

कुणी हसलं नाही. कुणाला नीट कळलंही नसावं. सरिता खाली मान घालून बसली होती. रत्नदीपच्या डोळ्यांसमोर दीक्षाचा तक्ता आला, कोरा चौकोन, त्यावर टेकलेलं नख. मग काचेच्या पेटीतली ती उतरंड, एकाखाली एक तोंडं. देवाची नव्हेत म्हणे. बाईंनी सांगितलं होतं. सरितानेही सांगितलं होतं. ज्याच्याकडून ऐकायला हवं होतं त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि आठवडाभर त्याने व अनघाताईंनी मिळून एकच बेरीज केली होती, एकाने लाजून, दुसरीने कौतुकाने. एवढी वर्षं ती ओळ म्हणताना हा माणूस नदीपाशी थांबायचा. वर्गावरून नजर फिरवायला नव्हे.

खरं उत्तर सोपं होतं. नाही घेतला, आबा. तुम्ही नाही घेतला. आणि शोभणारं उत्तरही तयार होतं, ते धम्मानंदने सुद्धा दिलं असतं: व्यक्तिगत भावना बाजूला ठेवल्या म्हणूनच क्रांती होते. टाळ्या मिळाल्या असत्या. समोर म्हातारा अंगठा तसाच वर धरून उभा होता, वाट बघत.

“घेतला,” रत्नदीप म्हणाला.

“काढून घेतला?”

“हो. आधीच.”

“मग आता कुठंय?”

माइकमधून स्वतःचा श्वास ऐकू येत होता. “घरी,” तो म्हणाला. “ठेवलाय.”

हॉलमध्ये खुर्च्या किरकिरल्या. पुढून दुसऱ्या रांगेतल्या एका गृहस्थांनी शेजारच्याला काहीतरी विचारलं, शेजारच्याने खांदे उडवले. टोपलीतला टाक घरी ठेवलाय, पन्नासाव्या वर्षी, बाबासाहेबांच्या फोटोशेजारी उभं राहून हे सांगतोय. धम्मानंदचा हात माइककडे निघून अर्ध्यावर थांबला. तिसऱ्या रांगेत अनघाताईंनी मान हलवली, समजूतदारपणे, जवळच्या माणसाकडे बघून हलवावी तशी. रत्नदीपला ते सगळं दिसलं. त्याने काहीच दुरुस्त केलं नाही.

आबांचा अंगठा खाली आला. त्यांनी एक लांब श्वास सोडला, ओझं दुसऱ्याच्या अंगणात सुखरूप उतरलेलं बघून सोडावा तसा.

“बरं केलंत, सर,” ते म्हणाले. “मला नाही सुचलं.”

मग माइक कुणाला परत द्यायचा ते त्यांना कळेना, म्हणून तो छातीशी धरून ते उभेच राहिले.